जिच्याविषयी बोलायचे, ती कोठे आहे?

काही वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका महाविद्यालयात दोन दिवसांचे राष्ट्रीय चर्चासत्र भरले होते. ‘स्त्रीवाद, लिंगभाव आणि लैंगिकता’ असा त्याचा विषय. मी त्या वेळी अकोल्यास अध्यापन करीत होते. पहाटेची गाडी धरून बडनेऱ्यास उतरले आणि सभागृहात पोहोचले, तेव्हा दीपप्रज्वलन आटोपले होते. दूरदूरच्या विद्यापीठांतून आलेली विद्वान मंडळी पहिल्या रांगेत बसली होती. दारापाशी काही विद्यार्थिनी पाहुण्यांना गुलाबाचे फूल आणि कागदपत्रांची पिशवी देत होत्या. त्यांच्यापैकी एक मला पाहून हसली. चेहरा ओळखीचा वाटला. पण घाईत मी विचारपूस केली नाही.

माझा शोधनिबंध वऱ्हाडातील शेतकरी विधवांविषयी होता. निबंध इंग्रजीत होता. परंतु त्यातील एक दाखला मी मुद्दाम मराठीत सांगितला, श्रोत्यांच्या काळजाला तो भिडावा म्हणून. आमच्याच धर्मग्रामातील एका स्त्रीचा तो दाखला. नवऱ्याने कर्जापायी कीटकनाशक घेऊन जीव दिला, पदरी दोन मुली, जमीन दिराच्या ताब्यात गेलेली, आणि आता ती चार घरची धुणीभांडी करून दिवस काढते, असे मी सांगितले. नाव घेतले नाही, गावही सांगितले नाही. सभागृह स्तब्ध झाले. अध्यक्षबाईंनी समारोपाच्या भाषणात माझ्या निबंधाचा खास उल्लेख केला. परतीच्या गाडीत मी मोठ्या समाधानाने बसले होते.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर ती स्त्री चर्चच्या पायऱ्यांपाशी माझी वाट पाहत थांबली होती. तिची थोरली मुलगी अमरावतीस वसतिगृहात राहून शिकते, हे मला ठाऊक होते. ते महाविद्यालय हेच, हे मात्र माझ्या ध्यानात राहिले नव्हते. दारापाशी पिशव्या देणारी मुलगी तीच. सभागृहाच्या शेवटी उभे राहून तिने आपल्या बापाचे मरण आणि आईचे हाल माझ्या तोंडून ऐकले होते. तिच्या मैत्रिणी तिच्या शेजारीच उभ्या होत्या.

बाई रागावली नव्हती. पदर सावरीत म्हणाली, “बाई, माही गोठ तुमी तथी सांगतली म्हनते पोरगी. सांगाले काही हरकत नाही. पन मले इचारलं असतं, त पुरी सांगतली असती.”

एवढे बोलून ती धाकटीचा हात धरून निघून गेली. तिच्या त्या ‘पुरी’ या शब्दाने मला आजवर स्वस्थ बसू दिलेले नाही. म्हणूनच हा लेख.

मी काय गाळले होते? नवऱ्यामागे वर्षभर तिने तलाठ्याच्या कार्यालयात खेटे घालून वारसनोंदीचा अर्ज मार्गी लावला होता. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसल्यास पतीच्या मालमत्तेचा एकतृतीयांश हिस्सा विधवेला मिळतो आणि उरलेला दोनतृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी असा भेद न करता, समान वाटला जातो. ही माहिती तिला एका धर्मभगिनीने दिली होती. दीर अडून बसला, तेव्हा ती मंडळ अधिकाऱ्यापुढे स्वतः उभी राहिली. अखेर सातबाऱ्यावर तिचे आणि दोन्ही मुलींचे नाव लागले. शेत तिने ठोक्याने दिले आणि त्या पैशातून सोसायटीचे कर्ज फेडीत आणले. धुणीभांडी ती करीत होती, हे खरे. पण ती थोरलीच्या वसतिगृहाच्या खर्चासाठी.

यांपैकी बरेचसे मला ठाऊक होते. तरी मी ते सांगितले नाही. जमीन एके काळी दिराच्या ताब्यात होती, म्हणजे मी धडधडीत खोटे बोलले असेही नाही. माझ्या निबंधाला असहाय स्त्री हवी होती. सत्याचा जेवढा तुकडा त्या प्रमेयाला पुरत होता, तेवढा मी उचलला. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील ५०५ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील सुमारे ४० टक्के स्त्रियांना शेतजमिनीवरचा हक्क मिळालेला नव्हता. तो हक्क एका निरक्षर म्हणाव्या अशा बाईने कसा मिळवला, कोणत्या कागदाने मिळवला, कोणापुढे उभे राहून मिळवला, हेच त्या सभागृहाने ऐकायला हवे होते. सर्वांत उपयोगी तेवढे मी गाळले आणि अश्रू तेवढे नेले.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि तो असलाच, तर कोणत्या अटीवर?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले आपल्या घराघरांत ऐकू येते. ‘ही चर्चासत्रे म्हणजे शिकल्यासवरल्यांची करमणूक. स्त्रीवाद, लिंगभाव हे शब्द परदेशातून आले. त्यांनी आपल्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. ज्याला बढती हवी त्याने निबंध वाचावा.’ यात काही तथ्य आहे, हे मी नाकारणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकांची पद्धत आणली. तीत चर्चासत्रांतील निबंधांनाही गुण होते. त्यानंतर गुणांसाठी लिहिलेल्या निबंधांचा जो सुकाळ झाला, तो आम्ही सर्वांनी पाहिला आहे.

परंतु एवढ्यावरून सारा विषय टाकून देणे अन्यायाचे होईल. भारतात स्त्री-अभ्यास ही विद्याशाखा कशी जन्मास आली, हे आठवावे. केंद्र सरकारने १९७१ मध्ये स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. समितीचे सदस्य राज्याराज्यांत फिरले, स्त्रियांना भेटले, आणि १९७४ मध्ये त्यांनी ‘समानतेच्या दिशेने’ या अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल दिला. स्वातंत्र्यानंतर स्त्रियांचे सर्व प्रश्न हळूहळू सुटत आहेत, या समजुतीला त्या अहवालाने धक्का दिला. त्याच वर्षी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्रीविषयक संशोधनाचा विभाग सुरू झाला. १९८१ मध्ये त्याच विद्यापीठात स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि १९८२ मध्ये भारतीय स्त्री-अभ्यास संघटना स्थापन झाली. म्हणजे आज ज्या चर्चासत्रांना आपण नाके मुरडतो, त्यांचे मूळ गावोगाव जाऊन ऐकण्यात आहे. पुढे ऐकणे कमी झाले आणि वाचणे वाढले, हा दोष विद्येचा नव्हे, आमचा.

दुसरे सोपे उत्तर विद्वानांच्या वर्तुळात मिळते. ते म्हणतात, ज्याचे दुःख त्यानेच बोलावे; इतरांना तो अधिकार नाही. हे उत्तर वरकरणी फार नम्र वाटते. परंतु ते मान्य केले, तर आपल्याच वऱ्हाडातील एका थोर स्त्रीचे तोंड आपल्याला बंद करावे लागेल.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध छापून प्रसिद्ध केला. निमित्त होते दूर सुरतेच्या एका खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, जन्मलेल्या अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून विधवांच्या, किंबहुना साऱ्या स्त्रीजातीच्या, नीतीवर ताशेरे झडू लागले. विजयालक्ष्मी ब्राह्मण घरातील, गुजरातेतील. ताराबाई मराठा घरातील, वऱ्हाडातील. दोघींची भेट झाल्याचे कोणी सांगत नाही. तरीही ताराबाईंनी लेखणी उचलली आणि विचारले की, जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांच्या ठायी नाहीत काय? त्या निबंधावर टीकेची झोड उठली; जोतीराव फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे तो निबंध विस्मरणात गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण केले, आणि १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅनलन यांच्या इंग्रजी अनुवादामुळे तो जगभरच्या विद्यापीठांत पोहोचला. स्त्रीवाद हा शब्द परदेशातून आला असेल. पण तो विचार बुलढाण्याच्या एका बाईने, घरातल्या रोखठोक मराठीत, त्याआधीच मांडून ठेवला होता.

मग सुरतेच्या विधवेविषयी बोलण्याचा ताराबाईंना अधिकार कोठून मिळाला? माझ्या मते तो येथून मिळाला : त्यांनी त्या विधवेला दाखला म्हणून बाजूला उभे केले नाही, त्या स्वतः तिच्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. जो आरोप तिच्यावर, तो माझ्यावरही आहे, असे मानून त्यांनी उत्तर दिले, आणि त्याची किंमतही मोजली. अमरावतीच्या त्या सभागृहात मी काय मोजले? जाण्यायेण्याचे भाडेसुद्धा मला परत मिळाले होते.

तथापि, सोबत उभे राहिल्याने सारे साधते असेही नाही. विदर्भाच्याच पूर्व टोकाला, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथे, १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलीस चौकीच्या आवारात अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केला नाही, असे कारण त्यात होते. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले. गप्प राहणे व संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्याचा मथितार्थ. त्या पत्रातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. ती मुलगी स्वतः पत्र लिहू शकली नसती. चार विद्वान तिच्या वतीने बोलले नसते, तर पुढच्या कितीतरी मुलींना न्यायालयात तेच ऐकावे लागले असते.

पण या कथेला दुसरी बाजू आहे. कायदा बदलला, तिचा निकाल मात्र बदलला नाही. तिचे नाव खटल्याचे नाव बनले. विधी महाविद्यालयांच्या वर्गांत, परिषदांत, ग्रंथांत ते आजही उच्चारले जाते. आणि काव्यगत न्याय म्हणावा की विपर्यास, तिच्यामुळे झालेल्या त्याच १९८३ च्या दुरुस्तीने अत्याचारित स्त्रीचे नाव उघड करणे हा गुन्हा ठरवला. म्हणून ते नाव येथे मी लिहीत नाही. वाचकांपैकी अनेकांना ते माहीत असेल, तरीही नाही. एवढी उशिराची लाज तरी आपण राखावी.

आता प्रश्न असा की, स्त्रियांविषयी जी परिषद भरते ती वेगळ्या रीतीने भरू शकते काय? वऱ्हाडाच्या स्मरणात तशी उदाहरणे आहेत.

नागपूर येथे २० जुलै १९४२ रोजी अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस ते पंचवीस हजार स्त्रिया आल्याची नोंद आहे. एखाद्या समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून आपण मोजतो, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले, ते याच परिषदेत. परंतु माझे लक्ष त्या ठरावांकडे जाते. स्त्रीला घटस्फोटाचा अधिकार असावा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, गिरण्यांत व विड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना रजा, भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे, अशा मागण्या त्यांत होत्या. सुलोचनाबाईंनी संततिनियमनाचा विषयही व्यासपीठावरून काढला. त्या बाबतीत आपल्या धर्मसभेची शिकवण वेगळी आहे, हे वाचक जाणतात. परंतु बाळंतपणांनी झिजलेल्या शरीराविषयी १९४२ साली बोलणारी व्यक्ती स्त्री होती, आणि ऐकणाऱ्याही त्याच शरीराच्या धनी होत्या. विड्या वळणारीला कोणी विडीकामगार स्त्रीची समस्या समजावून सांगत नव्हते. ती स्वतःच मंडपात बसून हात वर करून ठराव संमत करीत होती.

या स्त्रियांची आठवण तरी कशी राहिली? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी चळवळीतील वृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांना गाठून त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून टिपल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. हेही संशोधनच. शीर्षकातला ‘आम्ही’ पाहावा. तो शब्द लिहिण्याआधी त्या दोघींना किती घरांचे उंबरे ओलांडावे लागले असतील!

त्याच १९८९ साली, नोव्हेंबरात, अमरावतीस शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन भरले. त्यापूर्वी १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी स्त्रियांचा प्रचंड मेळावा झाला होता. या घडामोडींतून शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम हाती घेतली : शेतकऱ्याने आपल्या हयातीतच जमिनीचा तुकडा स्वखुशीने पत्नीच्या नावे करून द्यावा. कापूस वेचणारी, निंदण करणारी बाई शेतात वर्षभर राबते आणि सातबाऱ्यावर तिचे नावही नसते, ही गोष्ट विद्यापीठांनी शोधून काढण्याची गरज नव्हती. ती प्रत्येक बाईला ठाऊक होती. परिषदेने एवढेच केले की, जे प्रत्येकीला एकटीला ठाऊक होते, ते सर्वांना मिळून म्हणता आले. माझ्या धर्मग्रामातील ती स्त्री याच वऱ्हाडातली, त्याच सातबाऱ्यासाठी झगडलेली. आणि मी मात्र तिला अमरावतीच्याच व्यासपीठावर मुकी करून उभी केली.

म्हणजे विद्वानांची चर्चासत्रे बंद करून फक्त मेळावे भरवावेत काय? नाही. मेळाव्यातील ठरावाला कायद्याचे शब्द लागतात. ते चार अध्यापकांसारखी माणसेच देऊ शकतात. ताराबाईंचा निबंध मालशे यांच्यासारख्या अभ्यासकाने धूळ झटकून बाहेर काढला नसता, तर आज कोणास ठाऊक झाला असता? अभ्यास हवाच. मात्र अभ्यासकाने एक कसोटी स्वतःला लावावी, असे मला वाटू लागले आहे : जिच्याविषयी मी हे वाक्य म्हणत आहे, ती पहिल्या रांगेत बसली असती, तर मी ते असेच म्हटले असते काय? म्हणता आले नसते, तर एक तर ते वाक्य अपुरे आहे, किंवा मी तिला विचारलेले नाही.

यावर एक आक्षेप येईल. काही दुःखे अशी असतात की त्यांचा धनी पहिल्या रांगेत येऊ शकत नाही. तेथे दिसणे हेच त्याच्यासाठी संकट असते. लैंगिकतेचा विषय असा आहे. आपल्या घरांत हा शब्द उच्चारला की मोठी माणसे पाण्याचा पेला उचलतात आणि लहानांना आतल्या खोलीत धाडले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यांच्या यादीतून काढले. विवाह व देहाविषयी धर्मसभेची शिकवण त्यामुळे बदललेली नाही. पण त्याच धर्मसभेच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने व हळुवारपणे स्वीकार करावा आणि त्यांच्याशी अन्यायाने भेदभाव करू नये, असेही सांगितले आहे. हे दुसरे वाक्य आपल्या किती घरांत पोहोचले?

अकोला स्थानकावर गाडी थांबली, की टाळ्या वाजवीत येणाऱ्यांना पाहून आपण खिडकीकडे तोंड फिरवतो. घरी जेवताना त्यांची नक्कल करून हसतोही. ज्याच्याविषयी आपण हसतो, तो कदाचित त्याच पंगतीत बसलेला असतो. आपलाच मुलगा असतो, पुतण्या असतो, भाची असते. तो मान खाली घालून जेवतो आणि मनाशी नोंद करून ठेवतो की, या घरात हे कधीही सांगायचे नाही. म्हणजे पहिल्या रांगेची कसोटी येथे सुटत नाही, उलट अधिक कडक होते. तो समोर बसला आहे असे धरूनच बोलावे. कारण बहुधा तो बसलेलाच असतो. त्याचे नाव झाकणे हा त्याच्यावरचा उपकार आहे. त्याचे माणूसपण झाकणे हा अपराध आहे. माझ्या शोधनिबंधात मी नाव झाकले आणि तेवढ्यावर आपली जबाबदारी संपली असे समजले. शेवटच्या रांगेतल्या मुलीला मात्र नावाची गरज पडली नाही.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायाची येथे आठवण होते. पहाटेच्या वेळी मंदिराच्या प्रांगणात एका स्त्रीला मध्यभागी उभे करण्यात आले. शास्त्री होते, परूशी होते, नियमशास्त्राचा आधार होता, आणि प्रश्नही तयार होता. पाहू गेल्यास ते एक चर्चासत्रच म्हणावे. फक्त जिच्याविषयी चर्चा चालली होती, तिला कोणी एक शब्दही विचारला नाही. तिच्यासोबतचा पुरुष तर तेथे आणलाच नव्हता. त्या विद्वानांना ती नको होती. तिच्या आधारे प्रभूला कोंडीत पकडायचे होते. प्रभूने काय केले? त्याने तिच्यावर भाष्य केले नाही. खाली वाकून तो जमिनीवर लिहीत राहिला. एकेक करून श्रोते निघून गेल्यावर, सभागृह रिकामे झाल्यावर, तो उठला आणि त्याने तिला प्रश्न विचारला. त्या साऱ्या प्रसंगात ती प्रथमच बोलली, ती तेव्हा. तिला माफी मिळाली, हे आपण प्रवचनांतून नेहमी ऐकतो. त्यापूर्वी तिला विचारण्यात आले, हे फारसे ऐकत नाही.

धर्मसभेनेही या वाटेवर काही पावले टाकली आहेत. बीजिंग येथे १९९५ मध्ये भरलेल्या जागतिक महिला परिषदेपूर्वी परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी जगातील स्त्रियांना उद्देशून पत्र लिहिले आणि इतिहासात धर्मसभेच्या पुत्रांकडून घडलेल्या दोषांबद्दल खेद व्यक्त केला. त्या परिषदेला गेलेल्या व्हॅटिकनच्या प्रतिनिधिमंडळाचे नेतृत्व मेरी अ‍ॅन ग्लेंडन या स्त्रीकडे होते. भारतातील महागुरुस्वामींच्या परिषदेने २००८ मध्ये जमशेदपूरच्या अधिवेशनात स्त्रियांचे सबलीकरण हाच विषय घेतला आणि २०१० मध्ये लिंगभावविषयक धोरण प्रसिद्ध केले. रोममध्ये ऑक्टोबर २०२३ च्या सिनड सभेत स्त्रियांना प्रथमच मतदानाचा अधिकार मिळाला. ही पावले मोलाची आहेत. परंतु आपण आपल्या धर्मग्रामाकडे वळून पाहावे. महिला मंडळाची सभा असते, तेव्हा विषय कोण ठरवते? आठ मार्चला भाषणासाठी पाहुणा बाहेरून बोलावला जातो. सातबाऱ्यावर नाव लावून घेणारी बाई त्याच सभेत सतरंज्या अंथरीत असते. तिला ध्वनिक्षेपकापर्यंत कोणी नेत नाही, आणि तिलाही आपल्याजवळ सांगण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. हे दुसरे अधिक वाईट. इतकी वर्षे तिच्याविषयी दुसरेच बोलत आले, त्याचे हे फळ आहे.

त्या रविवारनंतर काही दिवसांनी मी तिच्या घरी गेले. सोबत निबंध नेला होता. तिच्याविषयीचा मजकूर मराठीत करून वाचून दाखवला. ती पाटावर बसून तूर निवडीत ऐकत होती. एके ठिकाणी तिने हात थांबवला आणि म्हणाली, “कर्ज एकट्या त्याईचं नोतं बाई, दोघायचं होतं. मी बी अंगठा देल्ला होता.” माझ्या साऱ्या अभ्यासात हे कोठेच आले नव्हते. कर्जाच्या कागदावर तिचा अंगठा चालला आणि जमिनीच्या कागदावर नावासाठी मात्र तिला वर्षभर खेटे घालावे लागले! मी ज्या प्रश्नावर दहा पाने लिहिली होती, तो तिने तूर निवडता निवडता एका वाक्यात उलगडला.

मुलीची क्षमा मागायची होती. ती सुटीत आली तेव्हा मागितली. ती म्हणाली, “असू द्या मॅडम.” या तीन शब्दांत क्षमा होती की नाही, हे मला अजून कळलेले नाही. पुढे मी त्या आईला महिला मंडळात बोलण्याची विनंती केली. प्रथम ती नाही म्हणाली. मग म्हणाली, भाषण नाही करणार, पण कोणाला वारसनोंद करायची असेल तर कोणते कागद लागतात ते सांगेन. त्या दुपारी सात-आठ बायका तिच्याभोवती बसल्या. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, अर्जाची पोच, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठायचे नाही, हे तिने बोटांवर मोजून सांगितले. मी मागे बसून लिहून घेत होते.

चर्चासत्रातील निबंधांचे पुस्तक मात्र तोवर छापून झाले होते. संपादकांना मी दुरुस्ती कळवली. पण छापलेली पाने बदलणे शक्य नव्हते. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ते पुस्तक आहे. त्यात ती अजूनही असहाय आहे, जमीन अजूनही दिराकडे आहे. एकदा तिने मला विचारले होते, “त्या पुस्तकात माह्या सातबाऱ्याचं लिवलं का, बाई?”

मी नाही म्हणाले. ते लिहायचे राहिले होते, ते आज येथे लिहिले. छापण्यापूर्वी तिला वाचून दाखवले आहे.